प्रीप्रोसेसरला फोरट्रान येत नाही

हवामानाचं किंवा समुद्राचं, फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं कोणतंही मोठं मॉडेल उघडा, पहिल्या पाचपन्नास ओळींतच फोरट्रान नसलेलं काहीतरी दिसतं. ओळीच्या अगदी सुरुवातीला हॅश, पुढे इफडेफ, पुढे कॅपिटल अक्षरांतलं एखादं नाव. पाषाणच्या आयआयटीएममधल्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या) अर्थ सिस्टिम मॉडेलचा समुद्राचा भाग, म्हणजे मॉम-४-पी-१, अशा ओळींनी भरलेला आहे. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल तर प्रीप्रोसेसरशिवाय, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय, कंपाइलच होत नाही. पुण्यात या मॉडेलांवर काम करायला येणाऱ्या मुलांना फोरट्रान लवकर जमतं. ती अडतात ती या हॅशवाल्या ओळींपाशी, कारण त्या फोरट्रानच्या पुस्तकात नसतात आणि सीच्या पुस्तकात असतात त्या फोरट्रानला जशाच्या तशा लागू होत नाहीत.

या ओळी आल्या कशाला, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. १९९१ साली सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ट्रान्सप्युटरांवर. २०१८ साली आयआयटीएममध्ये आलेला प्रत्युष क्रे कंपनीचा एक्ससी-४० होता आणि २०२४ मध्ये त्याच्या जोडीला अर्क आला. यंत्रं बदलतात, कंपायलर बदलतात, लायब्रऱ्या बदलतात. कोड मात्र तोच राहतो. एकच फाइल एमपीआय (प्रोसेसरांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची सोय) असलेल्या क्लस्टरवर आणि नसलेल्या लॅपटॉपवर कंपाइल व्हावी, यासाठी फोरट्रानच्या प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) सोय नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोको नावाने सशर्त कंपाइलेशनचा एक वेगळा भाग प्रमाणात घातला होता, त्याच्या ओळी दोन प्रश्नचिन्हांनी सुरू होत. तो कुणी फारसा वापरला नाही आणि पुढे तो मागेही घेतला गेला. मग सगळ्यांनी शेजारच्या घरातून सीचा प्रीप्रोसेसर उसना आणला.

उसनी वस्तू आपल्या मापाची नसते, आणि इथली जवळजवळ प्रत्येक भानगड तिथूनच सुरू होते. प्रीप्रोसेसरला चल, सबरुटीन, मॉड्यूल यातलं काही कळत नाही. तो ओळी वाचतो, शब्द शोधतो, शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवतो, काही ओळी गाळतो आणि उरलेला मजकूर कंपायलरच्या हातात देतो. बस.

(खाली आज्ञा आणि मॅक्रो, म्हणजे ज्यांच्या जागी प्रीप्रोसेसर दुसरा मजकूर ठेवतो ती नावं, देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे. जिथे छोट्या-मोठ्या अक्षराने फरक पडतो तिथे तसं शब्दांत सांगितलं आहे.)

पहिली गोष्ट, तो चालतो की नाही हे बघा. जीफोरट्रान, म्हणजे जीएनयूचा फोरट्रान कंपायलर, फाइलच्या शेपटावरून ठरवतो. शेपटातला एफ कॅपिटल असेल, म्हणजे कॅपिटल .एफ, .एफ९०, .एफ९५, .एफ०३, .एफ०८, तर प्रीप्रोसेसर आपोआप चालतो. एफ छोटा असेल तर चालत नाही. छोट्या एफच्या फाइलवर चालवायचा असेल तर -सीपीपी द्यायचं, कॅपिटलवर बंद करायचा तर -नोसीपीपी. इंटेलच्या आयएफएक्सला आणि नॅगच्या कंपायलरला -एफपीपी लागतं, एनव्हीफोरट्रानला -एमप्रीप्रोसेस (त्यातला एम कॅपिटल).

आता कुणी छोट्या एफच्या फाइलमध्ये हॅशच्या ओळी लिहिल्या आणि -सीपीपी द्यायला विसरलं तर? जीफोरट्रान थांबत नाही. 'इल्लीगल प्रीप्रोसेसर डायरेक्टिव्ह' अशी वॉर्निंग देतो, ती ओळ सोडतो आणि पुढे जातो. म्हणजे इफडेफच्या खालची बाजू आणि एल्सच्या खालची बाजू, दोन्ही कंपाइल होतात. दोन्हीकडे घोषणा असतील तर निदान एरर येते. दोन्हीकडे साधी नेमणूक असेल, वर डीटी बरोबर ६० आणि खाली डीटी बरोबर ३०, तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि नेहमी ३० वापरतो. शेकडो वॉर्निंगच्या पुरात ही एक दिसत नाही, म्हणून मेक चालवल्यावर लॉग फाइलमध्ये 'इल्लीगल' हा शब्द ग्रेप करून बघा.

दुसरी गोष्ट, आणि या लेखातून एकच घ्यायची असेल तर ही घ्या: कंपायलरला शिव्या देण्याआधी विस्तारलेली फाइल बघा.

    जीफोरट्रान -सीपीपी -ई -पी सोल्व्हर.एफ९० > बघा.टीएक्सटी

-ई आणि -पी दोन्ही कॅपिटल. -ई म्हणजे फक्त प्रीप्रोसेस कर आणि थांब. -पी ने मधल्या हॅश-आकडा-फाइलनाव अशा खुणेच्या ओळी जातात, वाचायला बरं पडतं. पण विस्तारलेली फाइलच पुढे कंपाइल करणार असाल तर -पी देऊ नका. त्या खुणांमुळेच एररमधला ओळक्रमांक मूळ फाइलचा येतो. त्या काढल्या की कंपायलर म्हणतो ४१२ वी ओळ, आणि तुमच्या फाइलमध्ये ओळी असतात २९०.

कंपायलर स्वतःहून कोणते मॅक्रो धरून चालतो ते बघायला रिकाम्या फाइलवर -सीपीपी -ई -डीएम चालवा (यात डी छोटा, एम कॅपिटल). जीफोरट्रानमध्ये दोन-दोन अंडरस्कोअरांमधला जीफोरट्रान हा मॅक्रो दिसेल, -एफओपनएमपी (एकाच यंत्राच्या अनेक कोअरवर काम वाटणाऱ्या ओपनएमपीसाठी) दिलं असेल तर अंडरस्कोअर-ओपनएमपी दिसेल आणि त्याची किंमत वर्ष-महिना अशी असेल, उदाहरणार्थ ओपनएमपी ४.५ साठी २०१५११. लिनक्स की विंडोज हे सांगणारे मॅक्रो सीच्या कंपायलरमध्ये असतात, म्हणून फोरट्रानमध्येही असतील असं गृहीत धरू नका. ते नाव कंपायलरच्या आज्ञेत -डी (कॅपिटल) ने स्वतः द्या.

जीफोरट्रान आतून जो प्रीप्रोसेसर चालवतो तो ट्रॅडिशनल मोडमध्ये, म्हणजे आन्सी सीच्या आधीच्या जुन्या वळणाने. यामागे कारण आहे. आधुनिक सीपीपी थेट फोरट्रानवर सोडला तर दोन तिरक्या रेघा म्हणजे त्याच्या लेखी सीची टिप्पणी. फोरट्रानमध्ये त्याच दोन रेघांनी अक्षरमाला जोडतात. त्यामुळे

    नाव = 'रन_' // वर्ष // '.एनसी'

या ओळीतलं पहिल्या रेघांपासून पुढचं सगळं गायब होतं, आणि उरलेलं 'नाव = रन_' हे कायदेशीर फोरट्रान असल्यामुळे एररही येत नाही. सगळ्या वर्षांचं आउटपुट एकाच फाइलमध्ये, एकावर एक. शिवाय आधुनिक मोड ओळीतल्या मधल्या मोकळ्या जागा आकसवतो. जुन्या फिक्स्ड फॉर्ममध्ये, जिथे स्तंभांना अर्थ आहे आणि होलेरिथ स्थिरांकात अक्षरं मोजलेली आहेत, तिथे ते महागात पडतं. डब्ल्यूआरएफच्या कॉन्फिगर फाइलमध्ये ट्रॅडफ्लॅग म्हणून -ट्रॅडिशनल-सीपीपी लिहिलेलं असतं ते याचसाठी. स्वतःच्या मेकफाइलमध्ये सीपीपी वेगळा बोलवत असाल तर ते अजिबात काढू नका.

ट्रॅडिशनल मोडची किंमतही मोजावी लागते. हॅश पहिल्याच स्तंभात हवा. इंडेंट करून लिहिलेला #इफडेफ ओळखला जात नाही. आत आत जाणाऱ्या अटी दाखवायच्या असतील तर हॅश पहिल्या स्तंभात ठेवून नंतर जागा सोडा, ते चालतं. सीमध्ये दोन हॅशने शब्द जोडतात, एका हॅशने आर्ग्युमेंटची अक्षरमाला करतात. ते इथे चालत नाही. जोडायचं तर दोन शब्दांच्या मध्ये सीची रिकामी टिप्पणी, म्हणजे /**/ घालतात, ती निघून जाते आणि शब्द चिकटतात. अक्षरमाला करायची तर मॅक्रोच्या व्याख्येत आर्ग्युमेंट सरळ अवतरणचिन्हांत लिहितात, कारण या मोडमध्ये व्याख्येतल्या अवतरणांच्या आतही अदलाबदल होते. दोन्ही युक्त्या जीफोरट्रानपुरत्या समजा. दुसऱ्या कंपायलरवर नेताना -ई चं आउटपुट परत बघायचं.

सीची टिप्पणी निघून जाते म्हणालो, त्यातच एक सापळा आहे. फोरट्रानची टिप्पणी उद्गारचिन्हाने सुरू होते, हे प्रीप्रोसेसरच्या गावी नाही. त्यामुळे एखाद्याने निरागसपणे

    ! इनपुट: /डेटा/*.एनसी

असं लिहिलं, की रेघ आणि तारा लागोपाठ आले, सीची टिप्पणी सुरू झाली. ती बंद करणारी तारा-रेघ पुढे कुठेच नसेल तर 'अनटर्मिनेटेड कॉमेंट' अशी एरर येते आणि सुटका होते. पण अशाच एखाद्या वाटेत कुठेतरी खाली तारा-रेघ असेल तर मधला सगळा कोड मुकाट्याने नाहीसा. टिप्पणीत फाइलच्या वाटा लिहिताना तारा टाळा, 'सर्व एनसी फाइली' असं शब्दांत लिहा. इंग्रजी टिप्पणीतल्या 'डोन्ट'मधला एकटा अपॉस्ट्रॉफी त्या मानाने गरीब. आधुनिक सीपीपी त्यावर वॉर्निंगांचा पाऊस पाडतो, नुकसान सहसा होत नाही.

आता ओळीची लांबी. इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात, म्हणून जरा थांबू.

फिक्स्ड फॉर्ममध्ये ओळ ७२ स्तंभांची. ७३ व्या स्तंभापासून पुढचं कंपायलर वाचतच नाही. तुम्ही लिहिलेली ओळ ६८ स्तंभांची असते, सुरेख बसलेली. पण त्यात एनएक्स नावाचा मॅक्रो आहे आणि त्याच्या जागी येतं (एनएक्स_ग्लोबल+२*हॅलो). ओळ पुढे सरकते आणि शेपूट कापली जाते. कापलेल्या जागी व्याकरण मोडलं तर एरर येते, ते भाग्य. पण ओळीच्या शेवटी १००० असेल आणि कापून १०० उरलं, तर कंपायलरची काहीच तक्रार नसते. चलाचं नाव कापलं गेलं आणि वर इम्प्लिसिट नन (प्रत्येक चलाची घोषणा सक्तीची करणारी ओळ) नसेल, तर त्या कापलेल्या नावाचं नवं चल जन्माला येतं, त्यात काय असेल ते असेल. फिक्स्ड फॉर्मसाठी जीफोरट्रानची कापणीची वॉर्निंग मुळात चालू नसते. -डब्ल्यूऑल दिलं की येते. ते द्या आणि सोबत -एफफिक्स्ड-लाइन-लेंग्थ-नन किंवा १३२ द्या. मात्र काही जुन्या फाइलींत ७३ ते ८० या स्तंभांत पंचकार्डाच्या काळातले अनुक्रमांक असतात. तिथे लांबी वाढवली की ते आकडे कोडमध्ये घुसतात. आधी फाइल बघा, मग पर्याय द्या.

फ्री फॉर्ममध्ये मर्यादा १३२. फोरट्रान २०२३ ने ती १०,००० अक्षरांवर नेली, पण तुमचा कंपायलर आणि त्याचे पर्याय त्या गावी पोचले असतीलच असं नाही. इथे जीफोरट्रान कापणीला थेट एरर मानतो, हे बरं. तरी एक प्रकार हमखास गोंधळात टाकतो. असर्टसारखा मॅक्रो बघा:

    #डिफाइन असर्ट(सी) इफ (.नॉट.(सी)) कॉल चूक(__फाइल__, __लाइन__)

फाइलचं नाव आणि ओळक्रमांक आपोआप भरला जातो, फार सोयीचं. पण फाइलच्या जागी येतं ते कंपायलरला आज्ञेत दिलेलं नाव, आणि बरीच बिल्ड साधनं पूर्ण वाट देतात. एकाच्या यंत्रावर होम डिरेक्टरी छोटी, ओळ १२० ची. दुसऱ्याच्या यंत्रावर स्क्रॅचमध्ये सहा फोल्डर खोल, ओळ १५० ची. कोड तोच, कंपायलर तोच, एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे 'लाइन ट्रंकेटेड'. उपाय -एफफ्री-लाइन-लेंग्थ-नन. मॅक्रो वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये तो मेकफाइलमध्ये कायमचा असू द्यावा.

अनेक ओळींचा मॅक्रो लिहिताना बॅकस्लॅशने ओळी जोडतात, आणि त्या खरोखरच एका ओळीत जोडल्या जातात. सीला त्याचं काही नसतं. फोरट्रानला ओळ संपल्याशिवाय विधान संपलेलं कळत नाही. म्हणून प्रत्येक विधानानंतर अर्धविराम घाला, आणि लांबीची मर्यादा परत आठवा. चार विधानांपेक्षा मोठा मॅक्रो झाला की तो सबरुटीन व्हायला हवा होता, असं माझं मत.

आर्ग्युमेंट घेणाऱ्या मॅक्रोत सीवाल्यांना न दिसणारी एक अडचण फोरट्रानवाल्यांना दिसते. प्रीप्रोसेसर स्वल्पविरामाने आर्ग्युमेंट वेगळी करतो. गोल कंसातले स्वल्पविराम तो सोडतो, म्हणून असर्ट(ए(आय,जे) > ०) बिनधास्त चालतं. चौकोनी कंस मात्र त्याच्या लेखी कंसच नाहीत. असर्ट(ऑल(एन == [१,२,३])) चालतं, कारण बाहेर ऑलचा गोल कंस आहे. पण बेरीज([१,२,३]) असा मॅक्रो बोलवला तर त्याला तीन आर्ग्युमेंट दिसतात आणि एरर येते. तिथे गंमत म्हणजे जुन्या पद्धतीची गोल कंस-रेघ अशी मांडणी, (/१,२,३/), सरळ चालते. मॅक्रोची हाक ॲम्परसँडने दोन ओळींत तोडली तर तो ॲम्परसँडही आर्ग्युमेंटमध्ये जातो आणि विस्तारलेल्या ओळीच्या पोटात जाऊन बसतो. हाक एका ओळीत लिहा.

व्याख्येत प्रत्येक आर्ग्युमेंटभोवती कंस घाला, हे सीमध्ये शिकवतात तेच. वर्ग(एक्स) म्हणजे एक्स*एक्स लिहिलं आणि वर्ग(ए+बी) बोलवलं, तर ए+बी*ए+बी होतं.

अक्षराचा आकार हाही घोळ घालतो. फोरट्रानला छोटा एन आणि मोठा एन एकच. प्रीप्रोसेसरला ते दोन वेगळे शब्द. मोठा एन म्हणजे १०० अशी व्याख्या केली तर छोटा एन तसाच राहतो, आणि दुसऱ्या कुणी सबरुटीनच्या आर्ग्युमेंटचं नाव मोठा एन ठेवलं असेल तर त्या जागी १०० येऊन 'सबरुटीन सोडव(ए, १००)' अशी विचित्र घोषणा तयार होते. एरर येते ती फोरट्रानच्या भाषेत आणि मूळ ओळीत तर काहीच चूक दिसत नाही. म्हणून मॅक्रोची नावं लांब, कॅपिटल अक्षरांत आणि प्रोजेक्टचा उपसर्ग लावून. एक-दोन अक्षरांचा मॅक्रो कधीच नको. डबल प्रिसिजनसाठी रिअलची व्याख्या रिअल*८ अशी करणारे महाभागही असतात. घोषणा ठीक होतात, पण कोडमध्ये रिअल(आय) असं फंक्शन बोलवलेलं असतं त्याचं रिअल*८(आय) होतं आणि सगळं कोसळतं. त्यासाठी आयएसओ_फोरट्रान_एन्व्ह मधला रिअल६४ आहे, त्याला प्रीप्रोसेसर लागत नाही.

अटींकडे येऊ. #इफ मध्ये व्याख्या नसलेलं नाव आलं की त्याची किंमत शून्य धरली जाते, गुपचूप. यातून निघणारा सर्वांत मजेशीर अपघात असा: कुणीतरी

    #इफ डीबग == यस

लिहितो आणि मेकफाइलमध्ये -डीडीबग=नो देतो. डीबगच्या जागी नो येतं. नो नावाची व्याख्या नाही, म्हणून शून्य. यसचीही व्याख्या नाही, म्हणून शून्य. शून्य बरोबर शून्य, अट खरी. नो म्हटलं तरी डीबग चालू. किंमती आकड्यांतच द्या. तसंच #इफडेफच्या पुढे 'किंवा' लावून दोन नावं लिहिता येत नाहीत. पहिलंच नाव तपासलं जातं आणि उरलेल्याबद्दल फार तर एक वॉर्निंग येते. दोन नावांसाठी #इफ डिफाइन्ड(अ) || डिफाइन्ड(ब). आवृत्ती तपासताना जीएनयूसी ९ पेक्षा कमी का, असं विचाराल तर ज्या कंपायलरकडे ते नावच नाही तिथे शून्य ९ पेक्षा कमीच असतं. आधी डिफाइन्ड विचारा, मग आकडा.

नाव चुकीचं लिहिलं, यूज_एमपीआयच्या जागी यूझ_एमपीआय, तरी प्रीप्रोसेसरला ते कळण्याचं कारण नाही. तो समजतो एमपीआय नको. म्हणून जे मॅक्रो दिलेच पाहिजेत त्यांच्यासाठी फाइलच्या डोक्यावर #इफएनडेफ लावून आत #एरर लिहा. #एरर म्हणजे पुणेरी पाटी समजा: थोडक्यात, स्पष्ट, आणि आत शिरण्याआधी. 'प्रिसिजन दिलेली नाही. -डीप्रिसिजन=४ किंवा ८ द्या.'

अक्षरमालेची किंमत आज्ञेतून द्यायची तर शेल अवतरणं खातो, म्हणून बाहेर एकेरी आणि आत दुहेरी: -डीआवृत्ती='"२.१"'. किंमत न देता नुसतं -डीयूज_एमपीआय दिलं तर किंमत १ असते.

इन्क्लूडचे दोन प्रकार आहेत आणि ते एक नाहीत. #इन्क्लूड प्रीप्रोसेसर करतो, आणलेल्या फाइलमधले हॅशही पाळले जातात. हॅश नसलेलं इन्क्लूड फोरट्रानचं. ते नंतर कंपायलर करतो, तोवर प्रीप्रोसेसर घरी गेलेला असतो. त्या फाइलमध्ये इफडेफ लिहिलं तर ते कुणी बघत नाही.

प्रीप्रोसेसरचा सर्वांत हुशार वापर बघायचा असेल तर मॉमच्या खाली असलेल्या एफएमएस लायब्ररीत एमपीपी हा विभाग वाचा. एमपीआय आहे की नाही हे यूज_लिबएमपीआय या मॅक्रोने ठरतं. पण खरी गंमत पुढे आहे. बेरजेचं एकच अंग एका इन्क्लूड फाइलमध्ये लिहिलेलं आहे, त्यात प्रकाराच्या जागी एमपीपी_टाइप_ असं नाव. मुख्य फाइलमध्ये त्या नावाची व्याख्या आधी डबल रिअल करायची, फाइल आणायची, मग #अनडेफ, मग व्याख्या पूर्णांक करायची, तीच फाइल परत आणायची. अशा रीतीने एका लिखाणातून अनेक प्रक्रिया तयार होतात आणि वर एका जेनेरिक इंटरफेसखाली बांधल्या जातात. फोरट्रानमध्ये टेम्प्लेट नाहीत ही उणीव अशी भरून काढली आहे. #अनडेफ विसरलात तर पुनर्व्याख्येची वॉर्निंग येते. ती दुर्लक्षू नका.

हेच काम जास्त नीट करायचं असेल तर फिप वापरा. बालिंत अराडी यांनी पायथनमध्ये लिहिलेला हा प्रीप्रोसेसर खास फोरट्रानसाठी आहे. फोरट्रानची एसटीडीलिब आणि सीपी२के दोन्ही तो वापरतात. त्यात हॅश आणि कोलनने सुरू होणाऱ्या ओळींत फॉर लूप लिहिता येतो, म्हणजे रिअल३२, रिअल६४ आणि एक ते सात मितींच्या सगळ्या आवृत्त्या एका तुकड्यातून निघतात. ओळ लांब झाली तर तो स्वतः ॲम्परसँड घालून मोडतो. वर लिहिलेल्या निम्म्या तक्रारी तिथे उरत नाहीत. एक अवलंबित्व वाढतं, एवढंच.

आता मेक. -डी बदललं म्हणून मेक काहीच परत कंपाइल करत नाही, कारण त्याला फक्त फाइलची वेळ कळते. एमपीआय नसताना बांधलेल्या जुन्या .ओ फाइली आणि एमपीआयसह बांधलेल्या नव्या, दोन्ही एकाच एक्झिक्युटेबलमध्ये जातात. लिंक होतं. चालतंही. मग इफडेफच्या आत कॉमन ब्लॉकचा आकार बदलत असेल तर एका फाइलच्या मते तो १०० आकड्यांचा आणि दुसरीच्या मते १२० चा, आणि शेवटचे वीस आकडे कुणाच्या तरी डोक्यावर लिहिले जातात. अशी चूक शोधायला आठवडा जाऊ शकतो. प्रत्येक पर्यायसंचासाठी वेगळं बिल्ड फोल्डर ठेवा, एमपीआयचं वेगळं, सीरियलचं वेगळं. तेवढी शिस्त नसेल तर पर्याय बदलला की मेक क्लीन, न चुकता.

जीएनयू मेकला कॅपिटल .एफ साठी तयार नियम आहे, .एफ९० साठी छोटा-मोठा कुठलाच नाही. तो स्वतः लिहावा लागतो. उलट .मॉड शेपटासाठी त्याच्याकडे नियम आहे, पण मॉड्युला-२ या भाषेचा. त्यामुळे कधीतरी मेक अचानक एम२सी नावाचा कंपायलर शोधू लागतो. तो नियम रिकामा करून टाका. सीमेक वापरत असाल तर छोट्या एफच्या फाइलींसाठी ३.१८ पासून फोरट्रान_प्रीप्रोसेस हा गुणधर्म आहे, आणि मॅक्रो टार्गेट_कंपाइल_डेफिनिशन्समधून द्यावेत, फ्लॅगच्या ओळीत कोंबू नयेत.

मॅक ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तिथली फाइल सिस्टिम सहसा छोट्या-मोठ्या अक्षरात फरक करत नाही. कॅपिटल एफच्या सोल्व्हर.एफ९० वरून त्याच फोल्डरमध्ये छोट्या एफची सोल्व्हर.एफ९० तयार करणारी मेकफाइल चालवली, तर मूळ फाइलच पुसली जाते. विंडोजवरही तेच. तयार होणारी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवा.

आणि जिथे प्रीप्रोसेसर लागत नाही तिथे तो घालू नका. फक्त ओपनएमपीपुरती ओळ हवी असेल तर तिच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह आणि डॉलर लावा. ओपनएमपी चालू असेल तर ती ओळ कंपाइल होते, नसेल तर टिप्पणी राहते. डीबगच्या छपाईसाठी लॉजिकल पॅरामीटर आणि साधा इफ पुरतो. मूल्य .फॉल्स. असलं की ऑप्टिमायझर तो भाग काढून टाकतो, पण कंपायलरने तो वाचलेला असतो, त्यामुळे वर्षभर न वापरलेला डीबगचा कोड सडत नाही. इफडेफच्या आतला बंद कोड मात्र कुणीच वाचत नाही. लायब्ररी आहे किंवा नाही असा प्रश्न असेल तर दोन फाइली करा, एक खरी आणि एक पोकळ, दोन्हींत त्याच नावाच्या प्रक्रिया, आणि कोणती घ्यायची ते मेकफाइलला ठरवू द्या. कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या पर्यायांनी प्रोग्रॅम बांधला ते आउटपुटमध्ये नोंदवायचं असेल तर फोरट्रान २००८ पासून कंपायलर_व्हर्जन आणि कंपायलर_ऑप्शन्स ही फंक्शन आहेतच.

हाती आलेलं जुनं मॉडेल साफ करायचं असेल तर सुरुवात ग्रेपने. हॅशने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी काढा, त्यातली नावं सॉर्ट आणि युनिकमधून जाऊ द्या, आणि ती यादी मेकफाइलमधल्या -डी च्या यादीशेजारी ठेवा. दुसऱ्या यादीत कधीच न येणारी नावं बरीच निघतील: गेलेल्या यंत्रांची, बंद झालेल्या कंपायलरांची. ती युनिफडेफ या साधनाने काढता येतात. -डी ने जे खरं मानायचं ते, -यू ने जे खोटं मानायचं ते (दोन्ही कॅपिटल), आणि फोरट्रानसाठी सोबत -टी जरूर द्या, म्हणजे तो सीच्या टिप्पण्या आणि अवतरणं शोधत बसत नाही. मूळ फाइलवर थेट चालवू नका. आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये घ्या, आणि जुन्या-नव्या दोन्हींवर त्याच मॅक्रोंसह -ई -पी चालवून डिफ करा. मोकळ्या ओळी सोडून डिफ रिकामा आला पाहिजे.